पहाटे ४:४३

दूरच्या मशिनवर काम करणाऱ्याच्या मनात एक भीती कायम असते. आपण पुण्यात, सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये. फायरवॉलमध्ये एक ओळ बदलायची, एंटर मारायचं, आणि पुढचं अक्षर पडद्यावर उमटतच नाही. कर्सर आहे तिथेच लुकलुकत राहतो. मशीन बंद पडलेलं नसतं, ते मजेत चालू असतं. फक्त त्याच्यापर्यंत पोचायची वाट ज्या नियमातून जात होती, तोच नियम आपण आत्ता बदललेला असतो. मग फोनाफोनी सुरू होते. तिथे रात्रपाळीला कोण आहे, रॅकची किल्ली कुणाकडे आहे, कन्सोल केबल सापडेल का, की गाडी काढून आपणच एक्स्प्रेस वे धरायचा.

८ जुलै २०२२ च्या शुक्रवारी कॅनडातल्या रॉजर्स कम्युनिकेशन्स या कंपनीवर हाच प्रसंग ओढवला. त्यांच्या त्या दूरच्या मशिनांवर १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक अवलंबून होते. मोबाईल, घरचं इंटरनेट, लँडलाइन, केबल टीव्ही, दुकानांतली कार्ड मशिनं असं सगळं एकदम गेलं आणि जवळजवळ २६ तास धड आलं नाही. कारण होतं एक फिल्टर. तो काढल्यापासून जाळं पडेपर्यंत दोन मिनिटं गेली, पण त्यानेच जाळं पडलं हे कळायला सुमारे चौदा तास लागले. माझ्या मते या प्रकरणात पाहण्यासारखे आहेत ते हे चौदा तास. चुका सगळेच करतात, पण चूक दुरुस्त करायला जायची वाट चुकीबरोबरच वाहून जावी, हे आधीच्या आखणीचं पाप असतं.

खालच्या वेळा टोरंटोच्या आहेत. आपलं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास पुढे होतं. तपशील मुख्यतः दोन ठिकाणचे आहेत: कंपनीने कॅनडाच्या दूरसंचार नियामकाला, म्हणजे सीआरटीसीला, दिलेलं लेखी उत्तर, आणि नियामकाने पुढे झोना पार्टनर्स या सल्लागार कंपनीकडून करून घेतलेली तपासणी.

काही आठवडे आधी

रॉजर्सने आपल्या मुख्य जाळ्याच्या, म्हणजे आयपी कोअरच्या, सुधारणेचं काम सात टप्प्यांत काढलं होतं. पहिले पाच टप्पे बिनबोभाट पार पडले.

इथेच पहिली ठेच आहे, आणि ती तंत्राची नाही. काम सुरू करताना त्याची जोखीम 'जास्त' अशी नोंदवली होती. टप्पे सुखरूप पार पडत गेले तशी पुढच्या बदलांची जोखीम 'कमी' या रकान्यात गेली. मोठ्या कंपन्यांत हा रकाना फार ताकदवान असतो. त्यात 'जास्त' लिहिलं की वरच्यांच्या सह्या लागतात, आधी प्रयोगशाळेत चाचणी घ्यावी लागते, दुसऱ्या कुणीतरी डोळ्यात तेल घालून प्रत्येक ओळ तपासावी लागते. 'कमी' लिहिलं की काम पुढे सरकतं. तपासणी अहवालाने यावर सरळ बोट ठेवलं: राउटरच्या धोरणातला फिल्टर बदलणं हे कमी जोखमीचं काम मानणं या धंद्याच्या रीतीला धरून नव्हतं.

पाच टप्प्यांच्या यशाने सहाव्याची हमी कशी मिळते, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. प्रत्येक टप्प्यात हात वेगळ्या जागी घालायचा असतो. पण असं आश्वस्त होणं माणसाच्या स्वभावात आहे, आणि इथे तर तो स्वभाव कार्यपद्धतीतच उतरला होता.

रात्री २:२७, उरले दोन तास अठरा मिनिटं

सहाव्या टप्प्याला हात घातला गेला. असली कामं जगभर याच वेळेला होतात, कारण वर्दळ सर्वांत कमी असते. हिंजवडीत परदेशी कंपन्यांची नेटवर्कं सांभाळणाऱ्यांना ही 'चेंज विंडो' पाठ असते. दोनचा चहा, तीनची कमांड, पाचच्या आत सगळं जागच्या जागी आणि साडेपाचला 'सक्सेसफुल'चा मेल.

रात्रीच्या वेळेचा फायदा खरा आहे, तसाच तोटाही. काही बिघडलं तर ज्यांना ते कळेल अशी निम्मी माणसं झोपलेली असतात, आणि त्यांना उठवायचं तर फोन लागतो.

मधला वेळ

त्या फिल्टरचं काम काय होतं, ते आधी पाहू. इंटरनेटवर कुठला पत्ता कुठल्या वाटेने गाठायचा, याची यादी राउटर एकमेकांना सतत सांगत असतात. सगळ्या जगाची ती यादी २०२२ मध्ये नऊ लाख नोंदींच्या वर गेली होती. ही अख्खी यादी जाळ्याच्या कडेला, जिथे बाहेरच्या जगाशी गाठ पडते तिथल्या राउटरांनी सांभाळायची असते. आतल्या कोअर राउटरांना तिचा थोडाच भाग लागतो. तालुक्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला आपल्या फलाटांवरच्या गाड्या ठाऊक असल्या की पुरतं, देशातल्या प्रत्येक डेपोचं वेळापत्रक त्याच्या टेबलावर ओतलं तर समोरच्या प्रवाशालाही तो उत्तर देऊ शकणार नाही. रॉजर्सच्या डिस्ट्रिब्युशन राउटरवर, म्हणजे कोअरकडे नोंदी पुढे पाठवणाऱ्या राउटरवर, बसवलेला फिल्टर हे ओतणं थोपवून धरत होता. तांत्रिक भाषेत ती अॅक्सेस कंट्रोल लिस्ट, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारी नियमांची यादी. ऑफिसातल्या फायरवॉलमध्ये जी असते तिचीच थोरली बहीण.

रॉजर्सच्या जाळ्यात दोन वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रं होती. कंपनीच्या सांगण्यानुसार एका उत्पादकाच्या रचनेत कोअर राउटरला किती नोंदी दाखवायच्या यावर आधीच मर्यादा असते, दुसऱ्याच्या रचनेत तशी आपोआप मर्यादा नसते. दोन घरच्या दोन रीती एकाच जाळ्यात नांदत होत्या आणि त्यांच्यात मध्यस्थ होता तो फिल्टर. कोअर राउटरांवर जादा भाराविरुद्धचं संरक्षण मात्र लावलेलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. या राउटरांवर काम करायला इंजिनिअर कसे पोचत होते? दूरच्या यंत्रापर्यंत पोचायचे दोन प्रकार असतात. पहिल्यात ज्या जाळ्यातून ग्राहकांचा डेटा वाहतो त्याच जाळ्यातून तुमच्या कमांडही जातात. दुसऱ्यात दुरुस्तीसाठी वेगळं, स्वतंत्र जाळं असतं. वेगळी केबल, वेगळे छोटे राउटर, शक्य तर वेगळ्याच कंपनीची लाइन, नाहीतर निदान मोबाईलवर चालणारा मोडेम. या दुसऱ्या प्रकारावर महिन्याला पैसा जातो आणि वर्षानुवर्षं त्याचा काही उपयोग दिसत नाही. बजेटच्या बैठकीत पहिली कात्री त्यालाच लागते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

रॉजर्सचं दुरुस्तीचं जाळं, ज्याला मॅनेजमेंट नेटवर्क म्हणतात, त्याच आयपी कोअरवर उभं होतं. आणि इंजिनिअरांच्या हातातले फोन, त्यांच्या घरातलं इंटरनेट? तेही रॉजर्सचंच.

जुनी माणसं अशा वेळी एक काळजी घेतात. सिस्कोच्या राउटरवर हात घालण्याआधी 'रीलोड इन १०' टाकून ठेवायचं. दहा मिनिटांत आपण येऊन ते रद्द केलं नाही तर राउटर स्वतःच रीस्टार्ट होतो आणि जुन्या, सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत जातो. ज्युनिपरच्या यंत्रांवर याच कामाला 'कमिट कन्फर्म्ड' आहे, तिथेही मुदत मुळात दहा मिनिटांचीच. लिनक्स सर्व्हरवर लोक पाच मिनिटांनी फायरवॉलचे नवे नियम पुसून टाकणारी क्रॉनची ओळ लिहून ठेवतात आणि मगच हात घालतात. या युक्त्यांनी अनेकांची नोकरी वाचली आहे. मात्र त्या त्या एका यंत्रापुरत्या असतात. दहा मिनिटांनी तुमचा राउटर शहाणा झाला, पण तोवर पलीकडचे राउटर कोसळले असतील, तर त्यांना उठवायला दुसरी वाटच लागते.

पहाटे ४:४३, उरली दोन मिनिटं

तीन डिस्ट्रिब्युशन राउटरांवर नवं कॉन्फिगरेशन गेलं. त्यात तो फिल्टर नव्हता.

महाराष्ट्रात तेव्हा शुक्रवारच्या दुपारचे सव्वादोन वाजत आले होते. पालख्या पंढरपूरच्या जवळ पोचल्या होत्या, रविवारी आषाढी होती. टीव्हीवर जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावरच्या गोळीबाराशिवाय दुसरी बातमी नव्हती. कॅनडात काय घडलं याची खबर आपल्याकडे बऱ्याच जणांना लागलीच नाही, लागली ती टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनला मुलं-सुना असलेल्या घरांना, तीही फोन लागेना म्हणून.

पहाटे ४:४५

डिस्ट्रिब्युशन राउटरांनी बाहेरच्या नोंदींचा लोंढा आत सोडला. कोअर राउटरांची क्षमता पाहता पाहता संपली आणि ते आडवे झाले. रॉजर्सचं वायरलेस आणि वायरलाइन, दोन्ही याच एका सामायिक कोअरवर चालत होतं, त्यामुळे अर्धा भाग तरी वाचावा अशी सोय नव्हती. बाहेरून इंटरनेटची रहदारी मोजणाऱ्यांच्या आलेखांवर रॉजर्सची रेघ सरळ तळाला गेली. नेटब्लॉक्सच्या मोजमापात देशाच्या जोडणीचा सुमारे पाव हिस्सा नाहीसा झाला होता.

पहाटे ५ ते ६

दूरचं मशीन उत्तर देत नाही, तेव्हा अनुभवी माणूस आधी पाहतो की ते 'नाही' म्हणतंय की गप्प बसलंय. पडद्यावर लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर जिवात जीव येतो. पलीकडचं यंत्र जिवंत आहे, त्याच्यापर्यंतची वाट उघडी आहे, फक्त ते दार बंद आहे किंवा तिथली सेवा चालू नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर चित्र अवघड. एकतर मधल्या फायरवॉलने आपलं पाकीट गुपचूप गिळलं, किंवा यंत्र मेलं, किंवा वाटच उरलेली नाही. या तिन्ही गोष्टी इकडून सारख्याच दिसतात. म्हणून दुसऱ्या लाइनवरून करून पाहायचं, त्याच रॅकमधल्या शेजारच्या यंत्राला पिंग करायचं, पोर्ट बदलून पाहायचं, आणि यातलं काहीच चाललं नाही की जो तिथे उभा आहे त्याला फोन करायचा.

रॉजर्सच्या माणसांना त्या तासात एकाच वेळी सगळीकडून शांतता मिळत होती. व्हीपीएन जोडला जाईना, कोअरच्या नोडपर्यंत पोचता येईना. दुसरी लाइन म्हणावी तर तीही आपल्याच कंपनीची. सहकाऱ्याला फोन करावा तर फोनवर नेटवर्क नाही. हे नुसतं कल्पनेत आणून पाहा: देशभर पसरलेल्या जाळ्याचा कारभार पाहणारे लोक आपापल्या घरात, हातात निकामी फोन घेऊन, आणि प्रत्येकाला वाटतंय की बिघाड आपल्याच घरातला आहे.

काही मोजक्या कर्मचाऱ्यांकडे आणीबाणीसाठी दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डं दिलेली होती. पहिली जमवाजमव त्यांच्या जिवावर झाली. पुढे अशी आणखी सिम वाटली गेली. बाकीच्यांना जिथून जाळ्यात शिरता येईल अशा मोजक्या केंद्रांवर प्रत्यक्ष जावं लागलं.

हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. नऊ महिने आधी, ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडे सोमवारी रात्री नवाच्या सुमारास व्हॉट्सअॅप गेलं होतं ते आठवत असेल. फेसबुकच्या इंजिनिअरांनी नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच बंद पडला. असली कमांड अडवायला ठेवलेल्या तपासणीच्या साधनातही दोष निघाला, त्याने ती जाऊ दिली. मग नावावरून पत्ता सांगणारे त्यांचे डीएनएस सर्व्हर डेटा सेंटर सापडेना म्हणून स्वतःहून इंटरनेटवरून बाजूला झाले, आणि दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने तीही गेली. डेटा सेंटरमध्ये माणसं पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा मुळात इतकी कडक की आत शिरून यंत्रांना हात लावेपर्यंतच वेळ गेला. सुमारे सहा तास. कंपनीने दुसऱ्याच दिवशी हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं होतं. जगभरच्या नेटवर्क विभागांत ते वाचलं गेलं, चर्चा झाल्या, आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या तिमाहीवर ढकललं गेलं असावं.

सकाळी ६ च्या सुमारास

रॉजर्सचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होर्हे फर्नांडिस यांनी बेल आणि टेलस या प्रतिस्पर्धी कंपन्यांतल्या आपल्या समपदस्थांना कळवलं. त्यात सायबर हल्ल्याची शक्यताही होती.

आज ते हास्यास्पद वाटेल, तेव्हा नव्हतं. युक्रेन युद्धाला साडेचार महिने होत आले होते, आणि युद्ध सुरू झालं त्याच दिवशी व्हायासॅटच्या उपग्रह इंटरनेटवर हल्ला होऊन युरोपातली हजारो मोडेम निकामी झाली होती. सगळं एका क्षणात गेलं, आत शिरता येत नाही, लॉग, म्हणजे यंत्रांनी लिहून ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी, दिसत नाहीत, अशा वेळी डोक्यात पहिलं कोण येणार? खरं तर फिल्टर काढल्यावर दोन मिनिटांत जाळं पडलं होतं, दोन्ही वेळा शेजारी शेजारी मांडल्या तर शाळेतल्या पोरालाही संशय आला असता. पण त्या शेजारी मांडायला लॉग हवेत, आणि लॉग त्या कोसळलेल्या राउटरांमध्ये होते.

सकाळी ७ ते ९

देश जागा झाला. लोकांनी मोडेम बंद करून चालू केलं, फोन विमान मोडमध्ये टाकून काढला, केबल काढून फुंकर मारून पुन्हा लावली. कंपनीकडून पहिला जाहीर शब्द नऊ वाजत आले तेव्हा आला. चार तास ग्राहक आपल्याच घरातल्या यंत्राला दोष देत होते.

कॉफीच्या दुकानात कार्ड चालेना, कारण कॅनडाचं डेबिट कार्डांचं जाळं चालवणारी इंटरॅक ही संस्था रॉजर्सवर अवलंबून होती. डेबिटने पैसे देणं आणि ई-ट्रान्सफर, दोन्ही ठप्प. आपल्याकडे यूपीआय दिवसभर बंद पडलं तर काय होईल याची कल्पना करा, म्हणजे अंदाज येईल. दारांवर 'फक्त रोख' असे हाताने लिहिलेले कागद लागले. पण रोख काढायला जावं तर काही एटीएमही गप्प. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना लागणारं अॅराइव्हकॅन अॅप उघडेना, विमानतळावर येणाऱ्यांना पावती छापून आणायला सांगावं लागलं. ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची लाइन होती अशा कॅफेंत आणि वाचनालयांत लॅपटॉप घेऊन लोक दाटीवाटीने बसले. बातम्यांतून फिरलेले हे फोटो गमतीदार आहेत. त्यानंतरची गोष्ट गमतीची नाही.

दुपार

कॅनडात आणीबाणीचा नंबर ९११. टोरंटोसह अनेक ठिकाणच्या पोलिसांनी जाहीर केलं की रॉजर्सच्या ग्राहकांना ९११ लागायला अडचण येऊ शकते.

यात एक अवघड पेच आहे. मोबाईलची सोय अशी असते की तुमच्या कंपनीचा टॉवरच दिसत नसेल, तर आणीबाणीचा कॉल फोन दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लावून देतो. मग रॉजर्सच्या फोनांनी तसं का केलं नाही? कारण रॉजर्सचे टॉवर चालू होते! कोसळलं होतं ते मागचं कोअर. टॉवर 'मी आहे' असा सिग्नल देत राहिले आणि फोन त्यांनाच चिकटून बसले. कॉल टॉवरपर्यंत जाऊन तिथेच संपत होता. टॉवर पूर्ण मेले असते तर लोकांचे ९११ चे कॉल वाचले असते. सिम काढून टाकलं असतं तरी बहुतेक फोन बेलच्या किंवा टेलसच्या टॉवरकडे वळले असते, पण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी हे सुचणार कसं?

मग कंपनीने आपले टॉवर स्वतःच बंद का केले नाहीत? दूरवरून बंद करायचे तर त्यांच्यापर्यंत पोचता यायला हवं. पुन्हा तीच वाट, तीच बंद. हॅमिल्टन शहरात घरात बहीण मरणाच्या दारात असताना भावाचा ९११ ला फोन लागला नाही, ही बातमी पुढे कॅनडाभर झाली.

बेल आणि टेलसने मदत देऊ केली. रॉजर्सने ती घेतली नाही, किंवा घेता आली नाही म्हणा. ग्राहक दुसऱ्या जाळ्यावर वळवायचे तर ग्राहकांची माहिती असलेल्या आपल्याच यंत्रणेत आधी शिरावं लागतं. शिवाय इतका भार अचानक अंगावर घेण्याची ताकद कुणाकडेच नव्हती.

संध्याकाळ

तंत्रज्ञ कोअरच्या नोडांपर्यंत प्रत्यक्ष पोचून आत शिरायची वाट परत मिळवत होते. बिघाडाला सुमारे चौदा तास झाले तेव्हा, म्हणजे संध्याकाळी सातच्या आसपास, कोलमडलेल्या राउटरांमधले लॉग हाती लागले आणि बोट शेवटी पहाटेच्या त्या बदलावर टेकलं. सायबर हल्ला नव्हता. आपल्याच हाताने काढलेली एक यादी होती.

चौदा तास ऐकायला फार वाटतात. पण नीट पाहिलं तर निदानाला लागलेला वेळ थोडा आहे, बाकी सगळा निदानाच्या खोलीपर्यंत पोचण्यात गेला. लॉग समोर असते आणि शेवटचा बदल कुणी, कधी केला हा पहिला प्रश्न विचारता आला असता, तर हे प्रकरण न्याहारीच्या आधी मिटायला हरकत नव्हती. सवयीचा इंजिनिअर तोच प्रश्न आधी विचारतो: कालपर्यंत चालत होतं ना, मग मध्ये काय बदललं? त्या दिवशी बदल करणारे लोक होते, त्यांना बदल आठवतही असणार. पण त्या बदलापुढे 'कमी जोखीम' असं लिहिलेलं होतं, आणि त्या शब्दाने संशयालाही दुसरीकडे वळवलं असावं असं मला वाटतं.

त्याच संध्याकाळी टोरंटोच्या मोठ्या स्टेडियममध्ये द वीकंड या तिथल्याच गायकाचा कार्यक्रम ठरला होता. तो ऐन वेळी पुढे ढकलावा लागला. स्टेडियमचं नाव रॉजर्स सेंटर.

रात्र ते ९ जुलै, सकाळी ७

कारण कळलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. दोषी राउटर वेगळे काढायचे, रहदारी दुसरीकडून वळवायची, आणि मग ग्राहक थोडेथोडे करून आत घ्यायचे. लाखो फोन आणि मोडेम एकाच क्षणी 'मी आलो' म्हणत दारावर आले तर नुकतं उभं राहिलेलं जाळं पुन्हा बसतं. शुक्रवारी रात्री काही भागांत सिग्नल आला, शनिवारी सकाळी सातच्या सुमारास बहुतेकांचं पूर्ववत झालं. तुरळक तक्रारी पुढेही चालू राहिल्या.

त्यानंतर

सोमवारी उद्योगमंत्री फ्रान्स्वा-फिलिप शाँपेन यांनी दूरसंचार कंपन्यांच्या प्रमुखांना बोलावून घेतलं, आणि सप्टेंबरमध्ये या कंपन्यांनी संकटात एकमेकांचे आणीबाणीचे कॉल वाहून नेण्याचा करार केला. रॉजर्सचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जुलै संपण्याआधी बदलले गेले. २५ जुलैला प्रमुख अधिकारी टोनी स्टाफिएरी संसदेच्या समितीपुढे बसले. कंपनीचा शॉ कम्युनिकेशन्स विकत घेण्याचा मोठा व्यवहार तेव्हा अडकलेला होता, त्यामुळे ही नाचक्की आणखीच अवघड वेळी आली, तरी तो व्यवहार पुढच्या एप्रिलमध्ये झालाच. ग्राहकांना पाच दिवसांच्या सेवेइतकी रक्कम बिलातून वजा करून मिळाली. कंपनीला हे १५ कोटी कॅनेडियन डॉलरला पडलं. त्या शुक्रवारी गल्ला बंद ठेवावा लागलेल्या दुकानदारांना पाच दिवसांच्या बिलातून काय मिळालं असेल, ते त्यांनाच विचारायला हवं. इंटरॅकने आपल्यासाठी दुसरा पुरवठादार जोडून घेतला.

वायरलेस आणि वायरलाइनचं कोअर वेगळं करायला किमान २५ कोटी डॉलर लागतील, असं रॉजर्सने सांगितलं. झोनाच्या तपासणीचा गोषवारा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोअर राउटरांवर जादा भाराची मर्यादा लावली, बदल पडताळून पाहण्याची पद्धत कडक केली, असं त्यात नोंदवलेलं आहे. दुरुस्तीचं जाळंही कोअरपासून तोडून वेगळं उभं केलं आहे, आणि त्याला बाहेरच्या कंपनीची लाइन आहे. आणीबाणीच्या वेळी ज्यांना बोलवायचं त्या कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये आता प्रतिस्पर्धी कंपनीचं सिम असतं, त्याचं मासिक बिल रॉजर्स भरते.